डाव्या बाहीपासून

इंग्लंडातल्या बॅटली गावात चिंध्यांच्या मिली पुष्कळ, पण हेट्टी बूथरॉइडसारखे हात एकाही मिलमध्ये दुसरे नव्हते. हे तिच्या वैरिणीसुद्धा कबूल करत. आता वैरीण म्हणजे तरी कोण, तर एक मॉड. आणि ती बया हेट्टीच्या शेजारच्या बाकावर बसून गेली वीस वर्षं हेट्टीच्याच किटलीतला चहा पीत होती.

काम दिसायला सोपं. देशभरातले टाकून दिलेले कोट, पँटी, झगे गठ्ठ्यांनी यायचे. बायकांनी एकेक कपडा बाकावर घ्यायचा, सुरीनं बटणं उडवायची, अस्तर फाडायचं, शिवणी उसवायच्या, कापड अंगठ्याखाली चोळून बघायचं आणि ज्याच्या त्याच्या टोपलीत भिरकावायचं. तिथून माल थेट सैतानाच्या तोंडी. सैतान म्हणजे खालच्या मजल्यावरचं यंत्र, पोटात हजारो लोखंडी दात. एका बाजूनं पाद्रीबाबांचा कोट आत गेला की दुसऱ्या बाजूनं नुसता पिंजलेला भुगा बाहेर. त्या भुग्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत आणि पुन्हा कापड. ही युक्ती पहिल्यांदा ह्याच गावाला सुचली, आणि युद्ध सुरू झाल्यापासून तर गावाचा भाव भलताच वधारला होता. "अर्धं सैन्य आपल्या चिंध्या घालून लढतंय," मॉड म्हणायची, "आणि उरलेलं अर्धं आपल्याच चिंध्यांच्या ब्लँकेटात घोरतंय."

हेट्टी तेराव्या वर्षी बाकावर बसली, आता त्रेचाळिसावं चालू होतं. तिची पद्धत ठरलेली. सुरुवात डाव्या बाहीपासून. मग उजवी बाही, मग कॉलर, मग अस्तर, शेवटी बाजूच्या शिवणी. बोलता बोलता, हसता हसता, डोळे मिटूनसुद्धा. शिवणीचा दोरा ती अशी ओढायची की अख्खा दोरा न तुटता हातात यायचा. शिवाय बाई प्रामाणिक. खिशात, अस्तरात, पँटीच्या खालच्या दुमडीत जे काही सापडेल ते मुकादमाच्या केबिनमध्ये जमा करायचं, हा मिलचा नियम. हेट्टीनं तीस वर्षांत पदकं जमा केली होती, चष्मे जमा केले होते, एकदा तर दातांची अख्खी कवळी.

पण ह्या हातांचा तिला एक ताप होता. तिच्या स्वतःच्या अंगावर आजवर एकही नवा कपडा चढला नव्हता. लहानपणी आईचं कापून, मग मावशीचं उलटवून, मग कुणाकुणाचं जोडून. आणि बोटांना सगळं कळायचं! चॅपलमध्ये प्रार्थना चालू असताना बोटं आपली बाहीवर फिरायची आणि सांगायची, ही शेजारच्या मार्थाबाईची, हिचा नवरा तंबाखू ओढायचा. देवाकडे लक्ष लागायचं कसं?

म्हणून बस चालवणाऱ्या वॉल्टर शॉशी लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच गोष्ट मनाशी पक्की केली. ह्या वेळी नवा कोट. कोराकरकरीत. कुणाच्याही अंगाचा वास नसलेला.

दुसऱ्या महायुद्धाचं चौथं वर्ष होतं ते. कपडे कुपनांवर. तिनं वर्षभर फाटके मोजे तसेच घातले, कुपनं राखली आणि गडद लाल रंगाचा लोकरीचा कोट आणला. आत सरकारी शिक्का, चीजच्या दोन फोडी शेजारी शेजारी ठेवल्यासारखा. कापड वाचवायला सरकारनं कोटांचीही हजामत केलेली. बटणं तीनच, मनगटावर दुमड नको, मागे चुण्या नकोत. पण कापड! हेट्टीनं ते अंगठ्याखाली चोळलं आणि बोटं गप्प राहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सांगायला काही नव्हतं. दुकानातच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

लग्न जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी अकराला. आदल्या दिवशी, शुक्रवारी, मैत्रिणींनी धोशा लावला म्हणून ती कोट मिलमध्ये घेऊन आली. जेवणाच्या सुट्टीत बाकावर स्वच्छ वर्तमानपत्र अंथरून तिनं तो त्यावर पसरला.

"अगं बाई, काय रंग आहे!" पेगी किंचाळली. पेगी एकोणीस वर्षांची, समोरच्या बाकावरची. लंडनच्या बायका आज काय घालतात ते तिला कालच कळलेलं असायचं. "पण हेट्टी, खांदे पडलेत गं. हल्ली खांदे कसे हवेत? असे! शिपायासारखे!"

"खांदे असू देत," मॉड म्हणाली, "आधी हे सांग, त्या बसवाल्यानं तुला विचारलं कसं? इतके दिवस गुलदस्त्यात ठेवलंयस."

हेट्टी लाजली. मग सांगायला लागली, आणि सांगण्यात अशी रंगली की सुट्टी संपल्याची घंटा कधी झाली ते तिला कळलंच नाही. हो, घंटाच. भोंगा युद्ध सुरू झाल्यापासून बंद. भोंगा वाजला की लोक विमानं आली म्हणून तळघरात पळायचे. सगळ्या आपापल्या बाकांवर वळल्या, सुऱ्या चालू झाल्या, हेट्टीची गोष्टही चालूच.

"...तर बस चढावर. मधेच थांबवली. मला वाटलं, इंजिन गेलं. हा उतरला, मागे आला, टोपी काढली. चौदा माणसं बसमध्ये! म्हणतो, 'हेट्टी, मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, बायको जाऊन नऊ वर्षं झाली, कोंबड्या चार आहेत. हो म्हणतेस का?' मी म्हटलं, अरे लोक खोळंबलेत. तर मागची ती मासेवाली म्हणते, 'आम्हाला काही घाई नाही बाई, तू नीट विचार कर!'"

सगळं दालन हसलं. हेट्टी तर इतकी हसली की डोळे पुसायला तिनं हात वर केला. त्या हातात सुरी होती. आणि समोर पेगी उभी, तोंडावर हात, चेहरा पांढराफटक.

"हेट्टी," ती पुटपुटली, "काय केलंस गं हे?"

हेट्टीनं खाली पाहिलं. बाकावर वर्तमानपत्र होतं. वर्तमानपत्रावर लाल पाठ, पुढचे लाल भाग, उसवलेली कॉलर, बाजूला अस्तराची नीट घडी. तीन बटणं डब्यात, हजार बटणांत पडलेली. हातांनी आपलं काम चोख केलं होतं. घंटा झाली, समोर कोट दिसला, डाव्या बाहीपासून सुरुवात.

सगळ्या तिच्या बाकाभोवती गोळा झाल्या. मग मॉड म्हणाली, "देवा रे! आणि शिवण काय सरळ उसवलीय बघा."

"मॉड, तोंड बंद कर तुझं!" हेट्टी ओरडली. तिनं तुकडे गोळा केले, मोजले. पाठ, पुढचे दोन भाग, कॉलर, खिसे, उजवी बाही. डावी बाही? डावी कुठंय? ती तर सगळ्यात आधी उसवलेली. लाल मालाची टोपली... टोपलीची जागा रिकामी. हमाल आत्ताच खाली घेऊन गेला होता, सैतानाकडे.

हेट्टी जिन्यावरून अशी धावली की तिचा एक बूट मागेच राहिला.

सैतानावर कामाला होता तिचा बाप, ईनक. सत्तरीचा, यंत्राच्या घरघरीनं ठार बहिरा झालेला आणि युद्धानं शोध लावायचं वेड लागलेला. रोज नवा शोध. विषारी वायूच्या मुखवट्यातून चहा प्यायची नळी, पावसात आपोआप उघडणारी टोपी, काळोखात चमकणारी बटणं. प्रत्येक शोधाचं चित्र तो लंडनला सरकारकडे पाठवायचा, आणि सरकार दर वेळी तेच नम्र पत्र पाठवून नकार कळवायचं. ती पत्रं त्यानं फ्रेम करून भिंतीवर लावली होती. हेट्टी समोर आली, तिनं स्वतःची डावी बाही ओढली, लाल टोपलीकडे बोट केलं, दोन्ही हातांनी फाडल्याची खूण केली. म्हाताऱ्याला अर्ध्यात समजलं. त्यानं दांडा खाली ओढला.

सैतान थांबला. युद्ध सुरू झाल्यापासून तो दिवसा असा मध्येच कधी थांबला नव्हता. मिलमध्ये जी शांतता पसरली तिनं सगळेच दचकले. ईनकनं पलीकडच्या पेटीत हात घातला आणि ओंजळभर लाल भुगा बाहेर काढला. उबदार, मऊ, पिंजलेला. हीच डावी बाही.

हेट्टी तिथंच पायरीवर बसली आणि रडायला लागली. उद्या अकराला लग्न, घरी घालायला तोच मावशीचा उलटवलेला कोट. तीस वर्षं लोकांचं फाडलं ते फाडलं, स्वतःचंही सोडलं नाही ह्या हातांनी! तिला त्या हातांचा असा राग आला की तिनं ते एकमेकांवर आपटले.

"सैतान कुणी थांबवला?"

मुकादम आर्मिटेज. लांब तपकिरी कामाचा डगला, खाली करड्या रंगाची रेघारेघांची युद्धापूर्वीची पँट. सरकारनं नव्या पँटींना खालच्या दुमडी शिवायला बंदी केली तेव्हापासून हा गृहस्थ आपल्या दुमडी अशा मिरवायचा की जणू त्याला पदकच मिळालंय. फार कडक माणूस. मिलमधून एक दोराही बाहेर जाऊ द्यायचा नाही. त्याला हसताना शेवटचं पाहिलं ते बायको होती तेव्हा. तिनं दिलेली कॉलरची सोन्याची गुंडी पाच वर्षांपूर्वी हरवली, तेव्हा धोबिणीवर आळ घेऊन त्यानं तिला कामावरून काढलं होतं.

हेट्टीच्या मागोमाग सगळ्या बायका खाली धावल्या होत्या; मॉडनं त्याला सगळं एका दमात सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"कोट घंटेच्या आधी फाडलास की नंतर?"

"आधी!" मॉड म्हणाली. "आधी, आधी!" मागच्या एकोणीसजणी म्हणाल्या.

"नंतर," हेट्टी डोळे पुसत म्हणाली. "सुरी मिलची, वेळ मिलचा. हातसुद्धा त्या वेळी मिलचेच होते."

"मग माल मिलचा," आर्मिटेज म्हणाला. "एकही चिंधी फाटकाबाहेर जाणार नाही. ईनक, सैतान चालू कर." आणि त्यानं बोटानं दांडा वर करायची खूण केली.

"दगड आहे नुसता!" मॉड हळू बोलली, म्हणजे दालनभर ऐकू जाईल एवढंच.

आर्मिटेज जिन्यापर्यंत गेला आणि पाठ फिरवूनच थांबला. "कोटाची चिंधी झाली की ती मिलची. पण चिंधीचा परत कोट झाला तर काय, ह्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही. फाटकावर पिशव्या तपासतात. अंगावरचे कपडे मी कधी तपासलेले नाहीत. सुट्टी साडेपाचला होते." आणि तो वर निघून गेला.

"म्हणजे काय?" पेगीनं विचारलं.

"म्हणजे साडेपाचच्या आत कोट झाला पाहिजे, गाढवे!" मॉडनं तिला ढकललं. "चल! हेट्टीचा माल आपण वाटून घेऊ. हेट्टे, ऊठ. नाक पूस."

आता इथं एक गंमत होती. त्या दालनातल्या एकवीस बायकांनी मिळून किती कपडे फाडले असतील त्याला गणती नाही. पण धड शिवता एकीलाही येत नव्हतं. मॉडच्या घरी तर बटण तुटलं की नवरा शिवायचा. सुया निघाल्या तीन, त्यातली एक गठ्ठे शिवायची दाभण.

"मला नाही येत गं," हेट्टी म्हणाली. "मला फक्त उसवता येतं."

"मग उसव की," मॉड म्हणाली, "उलटीकडनं."

हेट्टी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिनं डोळे मिटले. तीस वर्षांत हजारो कोट तिच्या हातांखाली उघडले होते. कुठली शिवण कुठलीच्या आत असते, कॉलर कुठं दडते, खांद्याला किती सैल सोडतात, हे डोक्याला माहीत नसेल, पण हातांना पाठ होतं. आपण शेवटी काय करतो? बाजूच्या शिवणी. मग सुरुवात बाजूच्या शिवणींपासून. मग अस्तर. मग कॉलर. बाह्या सगळ्यांत शेवटी.

"दोरा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जोर आला.

दोरा जमिनीवरून आला. उसवलेला दोरा हा कचरा. तो कुणाच्याच मालकीचा नाही. पेगी गुडघ्यांवर रांगत लांब लांब लाल दोरे निवडून देत होती. तिन्ही सुया चालल्या. दाभण मॉडकडे, कारण बारीक सुई तिच्या बोटांत दिसेनाशी व्हायची. बाकीच्या हेट्टीचा माल फाडत होत्या, आणि फाडता फाडता सल्ले देत होत्या.

"टाके बारीक घाल गं मॉड, बटाट्याचं पोतं नाहीये ते!"

"तू तुझ्या पँटीकडे बघ! मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा शिवतेय, मला नजर लावू नकोस."

तीन वाजता ईनक वर आला. सैतानाशेजारी दुसऱ्याला उभं करून आला होता. त्यानं हेट्टीपुढं लाल भुगा धरला, मग स्वतःचे दोन्ही खांदे वर उचलून दाखवले.

"काय म्हणतोय हा?" मॉडनं विचारलं.

पेगीनं टुणकन उडी मारली. "खांदे! खांद्यांत भरायचा! हेट्टी, शिपायासारखे खांदे होतील. अगदी ह्या वर्षीची फॅशन!"

म्हणजे डावी बाही खांद्यांत गेली. अस्तराच्या दोन तुकड्यांत भुगा भरून हेट्टीनं दोन गाद्या केल्या, आत टाकल्या, आणि कोटानं एकदम छाती काढली. म्हाताऱ्याचा आयुष्यातला पहिला शोध लागू पडला होता. त्यानं खुशीत येऊन खिशातून तीन फिकट बटणं काढली, काळोखात चमकणारी, आणि लेकीच्या हातावर ठेवली. डब्यातली जुनी शोधायला वेळ कुणाला होता?

पण बाही? चार वाजले. कोट तयार, एक बाही हातात, दुसरी बाही नाहीच.

"दोन्ही बाह्या दुसऱ्या रंगाच्या लावू," पेगी म्हणाली. "लंडनमध्ये सगळ्या तेच करतात. दोनरंगी! मुद्दाम केल्यासारखं दिसतं."

"दुसऱ्या रंगाच्या कशाच्या? माझ्या परकराच्या?"

समोर टोपल्या ओसंडून वाहत होत्या. करडं, निळं, हिरवं, हवं ते. पण तो मिलचा माल. हेट्टीनं त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकीनं आपली शाल देऊ केली, ती सुती निघाली. दुसरीनं मफलर, तो तोकडा. हेट्टी ती एकटी लाल बाही मांडीवर घेऊन बसली. एवढं करूनही उद्या एका बाहीचा कोट घालून जायचं की काय?

केबिनचं दार उघडलं. आर्मिटेज बाहेर आला, आणि त्याच्या हातात एक निळा कोट होता. बायकांच्या सुऱ्या थांबल्या.

तो कोट सगळ्यांना माहीत होता. आर्मिटेजची बायको वारली तेव्हा त्यानं तिचे सगळे कपडे न बघताच चिंध्यांत टाकले होते. ते फिरत फिरत त्याच्याच मिलमध्ये, हेट्टीच्याच बाकावर आले. तिनं तो निळा कोट ओळखला. दर रविवारी चॅपलमध्ये पुढच्या रांगेत दिसायचा. तीस वर्षांत तेवढा एकच कपडा तिनं फाडला नाही. उचलून केबिनमध्ये नेला, दारामागच्या खुंटीला अडकवला आणि परत येऊन कामाला लागली. तोही काही बोलला नाही, तीही नाही. कोट सहा वर्षं तिथंच होता.

"हा मिलचा नाही," आर्मिटेज म्हणाला. "माझा आहे. बाह्या निघतील." त्याच्या दुसऱ्या हातात कात्री होती.

हेट्टी उठली. तिनं कात्री त्याच्या हातून काढून घेतली. "नाही साहेब. तो मी एकदा फाडला नाही, आता तुम्हालाही फाडू देणार नाही. टांगून ठेवा परत."

"मग बाह्या कुठून आणशील?"

"नसू देत बाह्या. तो कोट मोडून मी लग्नाला उभी राहू? मला सुखानं उभं राहवेल का?"

आर्मिटेजनं निळा कोट नीट घडी करून हातावर घेतला. तो वळला, केबिनमध्ये गेला, दार लावून घेतलं. आतून कडी वाजली. मग पडदा ओढल्याचा आवाज.

"रडतोय वाटतं बिचारा," पेगी म्हणाली.

"दगड म्हटलं मी त्याला," मॉड म्हणाली. "जीभ झडो माझी."

कडी पुन्हा वाजली. दार वीतभर उघडलं. फटीतून एक हात बाहेर आला, आणि हातात करड्या रंगाची, रेघारेघांची, युद्धापूर्वीची पँट.

"गुडघ्याखालचं घ्या," आतून आवाज आला. "वरचं मला परत हवंय. आणि कुणी हसलं तर अर्ध्या दिवसाची रजा लावीन!"

कुणी हसलं नाही. म्हणजे दोन सेकंद हसलं नाही. मग मॉडच्या नाकातून एक आवाज आला, आणि मग एकवीस बायका अशा हसल्या की खालच्या मजल्यावरून ईनकसुद्धा वर आला, कारण त्याला डोक्यावरची फळी हलताना दिसली. केबिनमधून एक विचित्र, गंजलेला आवाज येत होता. आर्मिटेजही हसत होता.

गुडघ्याखालचा पाय कापला की आयती बाहीच. हेट्टीनं शिवणीकडून जरा आत घेतला, बस्स. दुमडी तशाच ठेवल्या; खाली पायाला होत्या त्या आता मनगटाला आल्या. एरवी पँट हातात आली की मिलमधली कुठलीही बाई आधी दुमडीत बोट फिरवते, पण ही पँट फाडायला नव्हे, शिवायला घेतलेली, म्हणून कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. उरलेल्या लाल बाहीची पेगीनं छोटीशी टोपी केली, डोक्याच्या एका बाजूला तिरकी बसणारी.

घंटा झाली तेव्हा हेट्टी कोट घालून फाटकापाशी उभी होती. बाहेर मिट्ट काळोख, युद्धामुळे रस्त्यावर एक दिवा नाही. फाटकावरच्या म्हाताऱ्यानं पिशवी तपासायला मान वर केली तर काळोखात तीन हिरवी भुतं एकाखाली एक तरंगतायत. तो बोंबलत खोपटात पळाला. आर्मिटेज मागेच उभा होता. तपकिरी डगला, आणि डगल्याखाली दोन पांढऱ्याफटक नडग्या.

"पिशवीत काही?" त्यानं विचारलं.

"किटली, साहेब."

"जा मग. उद्या उशीर करू नकोस."

शनिवारी चॅपल खच्चून भरलं. मिलच्या बायका पहिल्या चार रांगांत. बस चढावरच सोडून कंडक्टरही आला होता, आणि मासेवालीही, कारण ती म्हणे ह्या लग्नाची साक्षीदार होती. हेट्टी बापाच्या हाताला धरून आत आली. लाल कोट, करड्या बाह्या, रुंद खांदे, तिरकी टोपी, मनगटावर दुमडी. वॉल्टर तिच्याकडे बघून टोपी काढायला गेला आणि डोक्यावर टोपी नाही हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

"हा कुठल्या दुकानातला गं?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

"लंडनचा आहे," पेगी म्हणाली.

प्रार्थना सुरू झाली आणि सवयीनं हेट्टीची बोटं बाहीवर गेली. बोटं बोलायला लागली. ही आर्मिटेजची पँट. हा मॉडचा टाका, दाभणीचा, अंगठ्याएवढा. खांद्यात बाबा. कॉलरला पेगीनं रांगत शोधलेला दोरा. तिला कुणाच्याही अंगाचा नसलेला कोट हवा होता, आणि ह्यात तर अख्खी मिल बसली होती. हेट्टीला ते इतकं आवडलं की प्रार्थनेत पुन्हा तिचं लक्ष लागलं नाही.

पाद्रीबाबांनी अंगठी मागितली. वॉल्टरनं पुढं केली. हेट्टीनं डावा हात वर उचलला, आणि मनगटावरच्या दुमडीतून काहीतरी निसटलं. टण्‌ करून फरशीवर पडलं, गोल गोल फिरलं आणि तिच्या बुटापाशी थांबलं.

ती वाकली. उचललं. सोन्याची कॉलरची गुंडी.

"काय झालं?" वॉल्टरनं हळूच विचारलं.

"एक मिनिट थांब हं, वॉल्टर. मिलचं काम आहे."

आणि नवरी वळली. सगळं चॅपल माना वळवून बघत असताना ती दुसऱ्या रांगेपर्यंत गेली. तिथं आर्मिटेज बसला होता, नव्या सरकारी पँटीत, खाली दुमड नाही, घोटे उघडे. हेट्टीनं हात पुढं केला.

"दुमडीत सापडलं, साहेब. जमा करते."

आर्मिटेजनं गुंडी घेतली. अंगठ्याखाली चोळून बघितली. पाच वर्षं ती त्याच्या पायाशीच होती. मग त्यानं गळ्यातली हाडाची गुंडी काढली, सोन्याची लावायला गेला, पण बोटं ऐकेनात. हेट्टीनंच ती लावून दिली.

"नोंद सोमवारी करू," तो कसाबसा म्हणाला. "आणि धोबीणबाईंकडे आजच जाऊन येतो. माफी मागायचीय."

हेट्टी परत आली आणि हात पुन्हा पुढं करून म्हणाली, "हं, चालू द्या."

त्या लग्नात नवरीपेक्षा मुकादमच जास्त रडला, असं मॉड पुढं जन्मभर सांगत होती. साफ खोटं आहे ते. सगळ्यांत जास्त रडली मॉडच.